सर्वसंहारक शस्त्रास्त्रांचा वाद आणि राष्ट्राध्यक्षांची फेरनिवड : अमेरिकेतील २००४ च्या निवडणुकीची चिकित्सा

प्रस्तावना :

लोकशाही राज्यव्यवस्थेत युद्धाचा निर्णय हा राज्यकर्त्याने जनतेच्या वतीने घ्यावयाच्या निर्णयांपैकी सर्वांत गंभीर निर्णय होय. मात्र हा निर्णय ज्या माहितीच्या आधारे घेतला जातो ती माहिती बहुतांशी गुप्त असते. सामान्य नागरिकापाशी, आणि पुष्कळदा लोकप्रतिनिधीपाशीही, ती पडताळून पाहण्याचे साधन नसते. अशा वेळी नागरिक राज्यकर्त्याच्या शब्दावर विश्वास टाकतो आणि तो विश्वास सार्थ ठरला की नाही याचा जाब पुढील निवडणुकीत विचारतो, अशी प्रातिनिधिक लोकशाहीच्या सिद्धांताची धारणा आहे. अमेरिकेच्या २००४ मधील अध्यक्षीय निवडणुकीत या धारणेची कसोटी लागली.

इराकपाशी रासायनिक व जैविक शस्त्रास्त्रांचे साठे आहेत आणि त्याने अण्वस्त्रनिर्मितीचा कार्यक्रम पुन्हा हाती घेतला आहे, हे प्रमुख कारण देऊन राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्या प्रशासनाने मार्च २००३ मध्ये इराकवर आक्रमण केले. असे साठे नव्हते, हे निवडणुकीच्या सुमारे चार आठवडे आधी अमेरिकी सरकारने स्वतः नेमलेल्या तपासपथकानेच जाहीर केले. तरीही २ नोव्हेंबर २००४ रोजी बुश ५०.७ टक्के लोकमते आणि २८६ निर्वाचक मते मिळवून पुन्हा निवडून आले. या निकालाचे सामान्यतः दोन अर्थ लावले जातात. पहिल्या मतानुसार मतदारांनी ही चूक क्षम्य मानली व 'नैतिक मूल्यां'सारख्या अन्य मुद्द्यांवर मत दिले. दुसऱ्या मतानुसार मतदार अज्ञानी राहिला. हे दोन्ही अर्थ अपुरे आहेत, असे उपलब्ध पुराव्यांवरून दिसते.

या वादात वस्तुतः दोन स्वतंत्र प्रश्न गुंतलेले होते. माहिती चुकीची होती काय, हा पहिला प्रश्न. जी माहिती हाती होती ती राज्यकर्त्यांनी जनतेपुढे प्रामाणिकपणे मांडली काय, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर गुप्तचर यंत्रणेने द्यावयाचे होते, दुसऱ्याचे राष्ट्राध्यक्षांनी. निवडणुकीपूर्वी केवळ पहिल्या प्रश्नाचा निकाल लागला आणि दुसरा लांबणीवर पडला. बुश यांच्या फेरनिवडीवर या वादाचा जो परिणाम झाला, आणि जो झाला नाही, त्याचे मर्म या वेळापत्रकात आहे, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

वादाची पार्श्वभूमी :

ऑक्टोबर २००२ मध्ये अमेरिकी गुप्तचर यंत्रणांनी इराकच्या शस्त्रास्त्रांविषयी 'राष्ट्रीय गुप्तवार्ता अंदाज' तयार केला. त्याच्या गोपनीय प्रतीत मतभेद नोंदविलेले होते. इराकने मागविलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या युरेनियम समृद्ध करण्याच्या यंत्रांसाठी आहेत, हे मत ऊर्जा खात्याच्या तज्ज्ञांना मान्य नव्हते. परराष्ट्र खात्याच्या गुप्तवार्ता विभागाने तर अण्वस्त्र कार्यक्रमाच्या पुनरुज्जीवनाविषयीच असहमती दर्शविली होती. जनतेसाठी प्रसिद्ध केलेल्या आवृत्तीत मात्र या शंकांची धार पुष्कळच बोथट झाली.

त्याच महिन्यात काँग्रेसने बलप्रयोगाचा अधिकार राष्ट्राध्यक्षांना दिला. प्रतिनिधिगृहात २९६ विरुद्ध १३३ आणि सिनेटमध्ये ७७ विरुद्ध २३ असे मतदान झाले. पुढे डेमोक्रॅटिक पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार झालेले जॉन केरी व उपाध्यक्षपदाचे उमेदवार जॉन एडवर्ड्स या दोघांनीही ठरावाच्या बाजूने मत दिले होते. २८ जानेवारी २००३ च्या भाषणात बुश यांनी ब्रिटिश सरकारचा हवाला देऊन इराकने आफ्रिकेतून युरेनियम मिळविण्याचा प्रयत्न केल्याचे सांगितले. ५ फेब्रुवारी रोजी परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत फिरत्या जैविक प्रयोगशाळांचे चित्र उभे केले. त्या माहितीचा मुख्य आधार 'कर्व्हबॉल' हे सांकेतिक नाव असलेला एक निर्वासित इराकी होता. आपण खोटे सांगितल्याची कबुली त्याने २०११ मध्ये दिली. ७ मार्च २००३ रोजी, म्हणजे युद्धाला दोन आठवडेही उरले नसताना, आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे प्रमुख मोहम्मद अल बरादेई यांनी नायजरमधील युरेनियमविषयीची कागदपत्रे अस्सल नसल्याचे सुरक्षा परिषदेला सांगितले होते. म्हणजेच संशयाला जागा होती आणि ती युद्धापूर्वीच उघड झाली होती.

दोन प्रश्न आणि चौकशीचे वेळापत्रक :

युद्धानंतर काही आठवड्यांतच साठे सापडत नसल्याची चर्चा सुरू झाली. ६ जुलै २००३ रोजी माजी राजदूत जोसेफ विल्सन यांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये लेख लिहून नायजरच्या युरेनियमविषयीच्या दाव्याला आव्हान दिले. ११ जुलै रोजी सीआयएचे संचालक जॉर्ज टेनेट यांनी ते वाक्य राष्ट्राध्यक्षांच्या भाषणात राहू दिल्याची जबाबदारी स्वतःकडे घेतली. या घटनेत पुढील सर्व काळाची दिशा दिसते. वाक्य उच्चारले राष्ट्राध्यक्षांनी, जबाबदारी स्वीकारली यंत्रणेने.

जानेवारी २००४ मध्ये तपासपथकाचे प्रमुख डेव्हिड के यांनी पद सोडले आणि २८ जानेवारी रोजी सिनेटच्या समितीपुढे, आपण जवळजवळ सर्वच जण चुकलो, अशा आशयाची साक्ष दिली. या 'सर्वच' शब्दाचे राजकीय महत्त्व मोठे आहे. चूक सर्वांची असेल तर दोष कोणा एकाचा राहत नाही. के यांचा रोख गुप्तचर यंत्रणेच्या अपयशावर होता आणि प्रशासनाला तो सोयीचा ठरला. ६ फेब्रुवारी २००४ रोजी बुश यांनी लॉरेन्स सिल्बरमन व चार्ल्स रॉब यांच्या सहअध्यक्षतेखाली आयोग नेमला. त्याला अहवालासाठी ३१ मार्च २००५ पर्यंतची मुदत देण्यात आली. मतदान नोव्हेंबर २००४ मध्ये व्हावयाचे होते. शिवाय धोरणकर्त्यांनी माहितीचा वापर कसा केला, हा विषय आयोगाच्या कार्यकक्षेत नव्हता.

सिनेटच्या गुप्तवार्ता समितीची कहाणीही अशीच आहे. समितीने चौकशीचे दोन टप्पे केले. यंत्रणेच्या चुका पहिल्या टप्प्यात आणि राज्यकर्त्यांची विधाने दुसऱ्या टप्प्यात गेली. पहिल्या टप्प्याचा अहवाल ९ जुलै २००४ रोजी प्रसिद्ध झाला. त्यात यंत्रणेच्या निष्कर्षांवर कठोर टीका होती. मात्र निष्कर्ष बदलण्यासाठी विश्लेषकांवर दबाव आणल्याचा पुरावा आढळला नाही, असेही त्यात म्हटले होते. तोपर्यंत टेनेट यांनी राजीनामा दिलेला होता. राज्यकर्त्यांच्या विधानांविषयीचा दुसऱ्या टप्प्याचा अहवाल जून २००८ मध्ये, म्हणजे बुश यांच्या दुसऱ्या कारकिर्दीच्या अखेरच्या वर्षात बाहेर आला.

त्या अहवालातील निष्कर्ष सरळ काळे-पांढरे नाहीत, ही बाब लक्षणीय आहे. शस्त्रास्त्रांविषयीच्या अनेक विधानांना तत्कालीन गुप्तवार्तेचा सर्वसाधारण आधार होता, परंतु यंत्रणेतील मतभेद व अनिश्चितता त्या विधानांतून व्यक्त झाली नाही, असे समितीच्या बहुमताने नमूद केले. सद्दाम हुसेन व अल कायदा यांच्यातील भागीदारीविषयीच्या विधानांना मात्र गुप्तवार्तेचा आधार नव्हता. २००४ च्या मतदाराला निर्णय घेण्यासाठी नेमक्या याच विवेचनाची गरज होती. निवडणुकीच्या धामधुमीत अशी चौकशी पक्षीय रंग घेते, हा दुसऱ्या टप्प्याच्या लांबणीचा बचाव अगदीच निराधार नाही. तथापि चौकशीसाठी अयोग्य ठरणारा तो काळच उत्तरदायित्वासाठी एकमेव योग्य काळ असतो, या अडचणीचे उत्तर त्या बचावात मिळत नाही. अमेरिकी राज्यघटनेच्या बाविसाव्या दुरुस्तीनुसार राष्ट्राध्यक्षास दोनदाच निवडून येता येते. २००४ नंतर बुश यांना मतदारांसमोर पुन्हा जावयाचेच नव्हते.

प्रश्नाचे बदलते रूप :

पुरावा हाती येत नाही असे दिसू लागताच प्रशासनाने दाव्याची शब्दयोजना बदलली. युद्धापूर्वीची भाषा साठ्यांची होती. २० जानेवारी २००४ च्या भाषणात बुश यांनी शस्त्रास्त्रांशी 'संबंधित कार्यक्रमांच्या हालचालीं'चा उल्लेख केला. वर्षअखेर भाषा क्षमता आणि हेतू यांवर येऊन ठेपली. ६ ऑक्टोबर २००४ रोजी प्रसिद्ध झालेल्या चार्ल्स ड्युल्फर यांच्या अहवालाने या भाषेला काही आधार पुरविला. इराकपाशी साठे नव्हते व अण्वस्त्र कार्यक्रम १९९१ नंतर क्षीण होत गेला होता, हा त्याचा मुख्य निष्कर्ष होता. निर्बंध उठल्यावर शस्त्रास्त्रांकडे पुन्हा वळण्याची सद्दाम यांची इच्छा होती, असेही त्याने म्हटले. विरोधकांनी पहिला भाग उचलला, प्रशासनाने दुसरा. अहवाल एकच असूनही त्याचे वाचन दोन झाले.

मेरीलँड विद्यापीठाशी संलग्न असलेल्या, परराष्ट्र धोरणविषयक लोकमताचा अभ्यास करणाऱ्या संस्थेने ऑक्टोबर २००४ मध्ये प्रसिद्ध केलेली पाहणी या संदर्भात उद्‌बोधक आहे. बुश यांच्या ७२ टक्के समर्थकांची अशी समजूत होती की, युद्धापूर्वी इराकपाशी सर्वसंहारक शस्त्रास्त्रे किंवा त्यांच्या निर्मितीचा मोठा कार्यक्रम प्रत्यक्षात होता. केरी यांच्या समर्थकांत हे प्रमाण २६ टक्के होते. याच पाहणीत बुश यांच्या ५८ टक्के समर्थकांनी असेही सांगितले की, इराकपाशी अशी शस्त्रास्त्रे नव्हती व तो अल कायदाला साहाय्य करीत नव्हता असे निष्पन्न झाले असते, तर अमेरिकेने युद्धात उतरावयास नको होते.

या दोन आकड्यांचा एकत्र विचार करणे आवश्यक आहे. युद्धासाठी खरे कारण असले पाहिजे, ही अट समर्थकांपैकी बहुसंख्यांनी सोडलेली नव्हती. त्यामुळे त्यांनी चूक क्षम्य मानली, हा पहिला अर्थ टिकत नाही. त्यांच्या दृष्टीने ती अट पूर्ण झालेली होती. दुसरा अर्थ, अज्ञानाचा, वरवर पाहता या आकड्यांशी जुळतो. परंतु हे अज्ञान आपोआप उपजलेले नव्हते. ज्या राष्ट्राध्यक्षावर त्यांचा विश्वास होता, त्याच्या तोंडून स्पष्ट आणि निःसंदिग्ध कबुली त्यांनी ऐकली नव्हती. कोणतीही अधिकृत संस्था राष्ट्राध्यक्षांच्या विधानांचा निवाडा करून मोकळी झाली नव्हती. अशा स्थितीत मतदार आपल्या पूर्वविश्वासाकडे वळला, यात आश्चर्य नाही.

प्रतिस्पर्ध्याची अडचण :

सत्ताधाऱ्याला अडचणीचा प्रश्न कोणीतरी अधिकाराने विचारावा लागतो. येथे विरोधी उमेदवाराचा पूर्वेतिहास आड आला. युद्धाला आरंभापासून विरोध करणारे हॉवर्ड डीन जानेवारी २००४ मध्ये आयोवातील पक्षांतर्गत लढतीत मागे पडले आणि उमेदवारी केरी यांच्याकडे गेली. केरी यांनी २००२ मध्ये युद्धाधिकाराच्या बाजूने आणि ऑक्टोबर २००३ मध्ये इराक व अफगाणिस्तानसाठीच्या सुमारे ८७ अब्ज डॉलरच्या तरतुदीच्या विरोधात मत दिले होते. या तरतुदीला विरोध करण्यापूर्वी आपण तिच्या बाजूने मत दिले होते, हे मार्च २००४ मधील त्यांचे विधान बुश यांच्या प्रचारयंत्रणेने घरोघरी पोहोचविले.

त्याहून अधिक परिणामकारक प्रसंग ऑगस्टमध्ये घडला. साठे नाहीत हे आधी ठाऊक असते तरी आपण राष्ट्राध्यक्षांना हा अधिकार देण्याच्या बाजूनेच मत दिले असते, असे केरी यांनी ९ ऑगस्ट २००४ रोजी सांगितले. अधिकार देणे आणि त्याचा अविचारी वापर करणे यांत फरक आहे, हा त्यांचा युक्तिवाद घटनात्मकदृष्ट्या सुसंगत होता. निवडणुकीच्या व्यासपीठावर मात्र त्याने मूळ प्रश्नातील हवाच काढून घेतली. माहिती खोटी ठरूनही मत बदलणार नसेल, तर माहितीच्या खरेखोटेपणाचा मुद्दा राहतोच कोठे? सप्टेंबरच्या उत्तरार्धात केरी यांनी टीका तीव्र केली, परंतु तोवर धोरणातील सातत्य विरुद्ध धरसोड, असे लढतीचे स्वरूप निश्चित झाले होते. राष्ट्राध्यक्षांच्या विश्वासार्हतेची निवडणूक प्रतिस्पर्ध्याच्या विश्वासार्हतेची निवडणूक बनली.

मतांचा हिशेब :

मतदानोत्तर चाचणीत सर्वांत महत्त्वाचा मुद्दा म्हणून 'नैतिक मूल्ये' २२ टक्के, अर्थव्यवस्था व रोजगार २० टक्के, दहशतवाद १९ टक्के आणि इराक १५ टक्के मतदारांनी निवडला. या यादीच्या आधारे नैतिक मूल्यांनी निकाल ठरविला असे म्हणण्याची प्रथा पडली. तथापि दहशतवाद आणि इराक या दोन परस्परसंबद्ध विषयांची बेरीज ३४ टक्के होते व ती कोणत्याही एका मुद्द्यापेक्षा मोठी आहे.

या दोन गटांचा कल परस्परविरोधी होता. इराकला प्राधान्य देणाऱ्यांपैकी ७३ टक्के केरी यांच्याकडे गेले, तर दहशतवादाला प्राधान्य देणाऱ्यांपैकी ८६ टक्के बुश यांच्याकडे. इराकमधील युद्ध हा दहशतवादविरोधी लढ्याचा भाग आहे असे ५५ टक्के मतदारांना वाटत होते. यावरून शस्त्रास्त्रांचा वाद निष्प्रभ होता असे म्हणता येत नाही. जेथे इराककडे स्वतंत्र विषय म्हणून पाहिले गेले, तेथे बुश यांची मोठी हानी झाली. जेथे इराक ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्याशी जोडला गेला, तेथे तो वादच विरघळून गेला. मतदानोत्तर चाचण्यांतील वर्गवारी काटेकोर नसते, ही मर्यादा मान्य करूनही हा फरक दुर्लक्षिण्याजोगा नाही.

बुश यांच्या विजयाचा आकारही बोलका आहे. गॅलप संस्थेच्या पाहणीत सप्टेंबर २००१ मध्ये त्यांच्या कामगिरीस ९० टक्के पसंती होती. तीन वर्षांनी त्यांना केरी यांच्यापेक्षा सुमारे अडीच टक्केच मते अधिक मिळाली. विसाव्या शतकात फेरनिवडणूक जिंकलेल्या प्रत्येक राष्ट्राध्यक्षाचे लोकमतातील मताधिक्य याहून मोठे होते. ओहायो राज्यात सुमारे १ लाख १८ हजार मते निर्णायक ठरली. ते राज्य केरी यांच्याकडे गेले असते तर निकाल उलटला असता. वादाने बुश यांचे पद गेले नाही, पण युद्धकाळात नेत्याभोवती जमणारे जनमत त्याने निश्चितच झिजविले.

तुलनात्मक संदर्भ :

हा अनुभव एकमेव नाही. ऑगस्ट १९६४ मध्ये टोंकिनच्या आखातात अमेरिकी नौकांवर दोनदा हल्ला झाल्याच्या माहितीवरून काँग्रेसने राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांना व्हिएतनाममध्ये कारवाईचा अधिकार दिला. प्रतिनिधिगृहात विरोधी मत एकही नव्हते, सिनेटमध्ये केवळ दोन होती. तीन महिन्यांनी जॉन्सन ६१ टक्के मतांनी निवडून आले. ४ ऑगस्टचा दुसरा हल्ला झालाच नव्हता, हे पुढे मान्य झाले. सिनेटर फुलब्राइट यांच्या समितीने फेब्रुवारी १९६८ मध्ये या प्रसंगाची कसून तपासणी केली आणि ३१ मार्च १९६८ रोजी जॉन्सन यांनी पुन्हा न लढण्याची घोषणा केली. तिची कारणे व्हिएतनाम युद्धाच्या एकूण ओझ्यात होती. तरी माहितीविषयीचा संशय निवडणुकीनंतर तीव्र झाला, हे साम्य नजरेत भरते.

ब्रिटनचे उदाहरण दुसऱ्या अंगाने उपयुक्त आहे. इराकविषयीच्या गुप्तवार्तेची तपासणी करणारा बटलर अहवाल जुलै २००४ मध्ये आला. मे २००५ च्या निवडणुकीत टोनी ब्लेअर यांचा मजूर पक्ष सत्तेवर राहिला, परंतु त्याचा मतांचा वाटा ४०.७ वरून ३५.२ टक्क्यांवर आणि बहुमत १६७ वरून ६६ वर उतरले. युद्धाला विरोध केलेल्या लिबरल डेमोक्रॅट पक्षाने ६२ जागा जिंकल्या. तेथे नाराज मतदारासमोर युद्धविरोधी असा एक प्रमुख पक्ष होता. अमेरिकी मतदारापुढे दोन्ही प्रमुख उमेदवार २००२ च्या ठरावाशी बांधलेले होते. ब्रिटनमध्येही युद्धनिर्णयाची सर्वंकष चौकशी करणारा चिलकॉट अहवाल जुलै २०१६ मध्ये, म्हणजे ब्लेअर यांनी पद सोडल्यानंतर नऊ वर्षांनी आला.

अमेरिकेत या नाराजीचा हिशेब नोव्हेंबर २००६ मध्ये झाला. मध्यावधी निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाने काँग्रेसची दोन्ही सभागृहे गमावली आणि दुसऱ्याच दिवशी संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड यांच्या राजीनाम्याची घोषणा झाली. इराकमधील वाढता हिंसाचार हे त्याचे मुख्य कारण होते. निर्णय राष्ट्राध्यक्षांचा होता, त्याची किंमत पक्षाच्या उमेदवारांनी चुकविली.

निष्कर्ष :

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१. युद्धकालीन गुप्तवार्तेचा वाद राष्ट्राध्यक्षांच्या फेरनिवडीला कितपत बाधक ठरेल, हे माहिती चुकीची ठरण्यावर जेवढे अवलंबून असते, त्याहून अधिक दोष कोणाकडे जातो यावर अवलंबून असते.

२. यंत्रणेची चूक आणि राज्यकर्त्याचा प्रामाणिकपणा या दोन प्रश्नांची चौकशी वेगळी केली व दुसरी पुढे ढकलली, तर पहिल्या चौकशीचा कठोर अहवालही राज्यकर्त्याला कवचासारखा उपयोगी पडतो.

३. विरोधी उमेदवार मूळ निर्णयात सहभागी असल्यास वाद विश्वासार्हतेवरून धरसोडीकडे वळविणे सत्ताधाऱ्यास सोपे जाते.

४. असा वाद मते वळवितोच. मात्र युद्ध जेव्हा राष्ट्रीय सुरक्षेच्या व्यापक भयाशी जोडले जाते, तेव्हा त्याचा परिणाम मर्यादित होतो व पुष्कळदा लांबणीवर पडतो.

समारोप :

२००४ च्या निकालाचा दोष मतदारावर टाकणे सोपे आहे. मतदाराने मात्र उपलब्ध माहितीच्या आधारेच मत दिले, आणि आवश्यक असलेली अर्धी माहिती त्याला साडेतीन वर्षांनी मिळणार होती. मत देऊन झाल्यावर मिळालेले सत्य इतिहासकाराच्या उपयोगाचे असते, मतदाराच्या नव्हे. निवडणूकपूर्व काळात इराकमध्ये एक हजाराहून अधिक अमेरिकी सैनिक मृत्युमुखी पडले होते आणि इराकी नागरिकांच्या मृत्यूंची संख्या त्याहून कितीतरी मोठी होती. ज्या निर्णयाची किंमत एवढी आहे, त्याच्या आधारभूत माहितीची चौकशी मतदानाच्या तारखेपूर्वी पूर्ण करण्याचे बंधन कायद्याने घालता येईल काय, हा प्रश्न केवळ अमेरिकेपुरता नाही. गुप्ततेच्या आधारे युद्धाचा निर्णय घेणाऱ्या प्रत्येक लोकशाहीने त्याचा विचार शांततेच्या काळातच केला पाहिजे. युद्ध सुरू झाल्यावर असा विचार करण्यास सवड नसते, आणि तो करणाऱ्याच्या देशनिष्ठेवर शंका घेतली जाते.